भुकेशी भांडण न करता वजन उतरवण्याच्या काही निराळ्या युक्त्या

वजन उतरवायचे ठरवले की बहुतेक जण काय खायचे आणि काय टाळायचे याच्या यादीपासून सुरुवात करतात. मीही तीन वेळा तशीच सुरुवात केली. तिन्ही वेळा पहिले दोन-तीन आठवडे उत्तम गेले, मग एखाद्या रात्री अशी खा-खा सुटली की उतरलेले वजन महिन्या-दोन महिन्यांत व्याजासकट परत आले. चौथ्या वेळी मी यादी बाजूला ठेवली आणि आपल्याला भूक नेमकी केव्हा, कुठे आणि कशामुळे लागते एवढेच पाहायला बसले. तिथून पुढच्या दीड वर्षात माझे वजन ७९ किलोंवरून ६८ वर आले आणि गेली तीन वर्षे ते एक-दोन किलोंच्या फरकाने तिथेच टिकून आहे. या काळात करून पाहिलेले बरेच प्रकार आहारतक्त्यांत सापडत नाहीत आणि काही तर ऐकायला विचित्र वाटतात. परंतु त्यांतल्या बहुतेकांना भुकेविषयीच्या संशोधनाचा आधार आहे, आणि ते कोणत्या क्रमाने वापरले म्हणजे उपयोगी पडतात हे मला इथे सांगायचे आहे.

त्याआधी एक सूचना, जी कृपया वगळू नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा रक्तातील साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी आणि वाढत्या वयाच्या मुलांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय खाणे कमी करू नये. ज्यांना खाण्याशी निगडित मानसिक आजार कधीकाळी होऊन गेला आहे, त्यांनी तर या युक्त्यांपासून दूरच राहावे, कारण भूक मागे सारण्याचे तंत्र त्यांच्या हाती शस्त्रासारखे ठरू शकते. काहीही न करता वजन आपोआप उतरत असेल, तर त्यात आनंद मानू नये. आधी तपासणी करून घ्यावी.

पहिली पायरी: सात दिवस काहीही न बदलता नोंद

पहिल्या आठवड्यात खाण्यात कोणताही बदल करायचा नाही. फक्त एक छोटी वही जवळ ठेवायची आणि तोंडात काहीही टाकण्याआधी चार गोष्टी लिहायच्या: वेळ, जागा, आधीची दहा मिनिटे आपण काय करत होतो, आणि शून्य ते दहा या मोजपट्टीवर भूक किती होती. काय खाल्ले हे लिहिण्याची गरज नाही. खाल्लेले लिहायचे म्हटले की माणूस लाजून कमी खातो किंवा खोटे लिहितो, आणि मग त्या वहीचा उपयोग संपतो.

माझ्या वहीत जे निघाले त्याची मला कल्पनाही नव्हती. सातपैकी सहा दिवस दुपारी साडेचार ते पाचच्या दरम्यान मी स्वयंपाकघरात उभी होते, एका हातात फोन होता आणि दुसरा हात बिस्किटांच्या डब्यात होता. भुकेचा आकडा प्रत्येक वेळी तीन किंवा चार. त्याआधीच्या दहा मिनिटांच्या रकान्यात जवळजवळ रोज एकच शब्द होता: ‘कामाचा फोन’. म्हणजे ती पोटाची भूक नव्हती. मनावर आलेला ताण उतरवायला तोंड चाळवत होते, आणि त्या डब्यातले काहीही मी बसून, बशीत घेऊन खाल्ले नव्हते.

पोटाची भूक आणि जिभेची ओढ यांत फरक करण्यासाठी मी एक साधी कसोटी वापरते. मनात विचारायचे, ‘आत्ता समोर नुसता उकडलेला बटाटा ठेवला, मीठसुद्धा न लावता, तर मी तो खाईन का?’ उत्तर ‘हो’ असेल तर भूक खरी आहे आणि खरोखर खावे. उत्तर ‘नको, मला तेच हवे’ असे असेल तर ती ओढ आहे आणि तिच्यासाठी तिसरी पायरी आहे. बटाटा मी मुद्दाम निवडला. १९९५ मध्ये सिडनी विद्यापीठात ३८ पदार्थ समान कॅलरींच्या मापाने लोकांना खायला देऊन पुढचे दोन तास त्यांचे पोट किती भरलेले राहते हे मोजले गेले होते. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले असता उकडलेल्या बटाट्याला ३२३ गुण मिळाले आणि तो सर्वांत वर राहिला. बदनाम झालेला हा पदार्थ पोट भरण्यात एवढा पुढे आहे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

नोंदींतून आणखी एक गोष्ट हाती लागते, ती म्हणजे भुकेचे घड्याळ. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी शोधलेले घ्रेलिन हे संप्रेरक प्रामुख्याने जठरात तयार होते आणि आपल्या जेवणाच्या नेहमीच्या वेळेआधी रक्तात वाढते. जो रोज साडेचारला खातो त्याला साडेचारला भूक लागणारच. शरीराला आपणच ती वेळ शिकवलेली असते. ही वेळ एकदम बंद केली तर शरीर कुरकुर करते, म्हणून ती दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटे पुढे सरकवावी. माझे साडेचारचे खाणे अशा रीतीने सरकत-सरकत महिन्याभरात रात्रीच्या जेवणाला येऊन मिळाले, आणि रात्रीचे जेवण मी तासभर अलीकडे आणले.

दुसरी पायरी: जेवण लक्षात राहील असे जेवणे

सगळ्या युक्त्यांत मला ही सर्वांत मोलाची वाटते. तिच्यावर फारसे कोणी बोलत नाही, म्हणून इथे थोडे थांबते.

१९९८ मध्ये पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या इजेमुळे नवी आठवण साठवण्याची क्षमता गमावलेल्या दोन रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या रुग्णांना पूर्ण जेवण दिले, ते त्यांनी संपवले, ताटे उचलली, आणि १० ते ३० मिनिटांनी पुन्हा जेवण समोर ठेवले. आपण जेवलो आहोत हे त्यांना आठवत नव्हते आणि ते दुसरे जेवणही जेवले. काही वेळा तिसऱ्यालाही त्यांनी सुरुवात केली. पोट तर भरलेलेच होते. तरीही ‘झाले माझे जेवण’ हे सांगणारी आठवण नव्हती म्हणून हात थांबला नाही. आपली स्मृती शाबूत असली तरी फोनकडे बघत जेवलेल्या जेवणाची आठवण अशीच पुसट असते, आणि दोन तासांनी काहीतरी खावेसे वाटते त्यात या पुसटपणाचा वाटा असतो. बर्मिंगहॅम विद्यापीठातील सुझॅन हिग्ज यांच्या प्रयोगांत हेच दुसऱ्या बाजूने दिसले: दुपारी काय जेवलात ते आठवा असे सांगितलेल्या सहभागींनी नंतर समोर ठेवलेली बिस्किटे इतरांपेक्षा कमी खाल्ली.

यावरून मी जी पद्धत बसवली ती अशी. जेवायला बसल्यावर पहिल्या घासाआधी ताटाकडे दहा सेकंद नुसते पाहायचे. जेवताना पडदा कोणताही नको, आणि हा नियम सगळ्यांत जड जातो हे मी मान्य करते, म्हणून सुरुवात दिवसातल्या एकाच जेवणापासून करावी. जेवण झाल्यावर वहीत तीन वाक्ये लिहायची, जणू कोणाला तरी त्या जेवणाचे वर्णन करून सांगतो आहोत: काय होते, त्यातले सर्वांत चांगले काय लागले, आणि उठताना पोटाला कसे वाटत होते. ‘डाळ जरा घट्ट झाली होती, पण फोडणीचा वास अजून बोटांना आहे, उठताना पोट भरले होते पण जड नव्हते,’ एवढे पुरे. मग संध्याकाळी काही खावेसे वाटले की आधी वही उघडायची आणि तीच तीन वाक्ये सावकाश वाचायची. दोन वेळांपैकी एका वेळी तरी माझी इच्छा त्या वाचनातच निवते. जी निवत नाही ती बहुधा खरी भूक असते.

ज्यांना लिहिण्याचा कंटाळा आहे त्यांनी ताटाचे छायाचित्र काढावे, मात्र नंतर काही खावेसे वाटले की आधी ते पाहिले पाहिजे. नुसते काढून साठवलेल्या चित्राचा उपयोग नाही.

तिसरी पायरी: ओढ आली की मनातले चित्र व्यापून टाकणे

एखाद्या विशिष्ट पदार्थाची ओढ लागते तेव्हा मनात काय चालते ते नीट पाहावे. शब्द कमी असतात आणि चित्र जास्त असते. पदार्थाचा रंग, त्याचा तुकडा मोडतानाचा आवाज, जिभेवर विरघळणे, असे सगळे आपण मनात रंगवत जातो आणि जितके रंगवतो तितकी ओढ वाढते. मनाची चित्र रंगवण्याची जागा मर्यादित असल्यामुळे त्या जागेत दुसरे काही भरले की ओढ क्षीण होते. प्लिमथ विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी यासाठी टेट्रिस या ठोकळे रचण्याच्या खेळाचा वापर केला; २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात अवघे तीन मिनिटे खेळल्यावर खाण्यापिण्याची ओढ कमी झालेली दिसली. खेळ नसेल तर आपण पूर्वी राहिलेल्या घराच्या दारातून आत शिरून एकेक खोली मनात फिरून यावे, खिडक्या मोजाव्यात, कपाटाचे दार कोणत्या बाजूला उघडत असे ते आठवावे. मी तेच करते, आणि तिसऱ्या खोलीपर्यंत पोहोचेतो बहुतेक वेळा बिस्किटांचा विषय मागे पडलेला असतो.

याच्या अगदी उलट वाटणारी एक युक्ती आहे. तो पदार्थ मनातल्या मनात शेवटपर्यंत खाऊन टाकायचा. २०१० मध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी काही जणांना चॉकलेटच्या ३० गोळ्या एकामागोमाग एक खात आहोत अशी कल्पना करायला सांगितली, तर काहींना फक्त तीन गोळ्यांची. नंतर खऱ्या गोळ्यांचा वाडगा समोर ठेवल्यावर ३० वाल्यांनी कमी खाल्ल्या. इथे बारकाई महत्त्वाची आहे. पदार्थ नुसता डोळ्यांसमोर आणला तर तोंडाला पाणी सुटते. एकेक तुकडा उचलणे, चावणे, गिळणे असे तीस वेळा सावकाश कल्पिले तरच मन विटते. शिवाय हा परिणाम त्याच पदार्थापुरता असतो, कारण गोळ्यांची कल्पना करून चीजचे खाणे कमी झाले नाही. याला चार-पाच मिनिटे लागतात आणि एकांत लागतो. माझ्यावर ही युक्ती गोड पदार्थांच्या बाबतीत चालते, खारट-कुरकुरीत पदार्थांच्या बाबतीत मुळीच चालत नाही. का, ते मला उमगलेले नाही.

दोन्ही जमत नसेल तर पंधरा मिनिटे भरभर चालून यावे. चॉकलेटची ओढ एवढ्या चालण्याने कमी होते हे इंग्लंडमधील एक्झिटर विद्यापीठाच्या अभ्यासात आढळले आहे, आणि शिवाय चालताना आपण डब्यापासून दूर असतो.

चौथी पायरी: दृष्टीआड सृष्टी

निर्धार ही गोष्ट संध्याकाळपर्यंत झिजते, हे वहीने मला दाखवून दिले होते. म्हणून निर्धारावर भिस्त न ठेवता अंतरावर ठेवावी. मी बिस्किटांचा डबा फेकला नाही. पारदर्शक होता तो बदलून पत्र्याचा आणला, त्याला घट्ट झाकण घेतले आणि तो कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवला, जिथे स्टूल घेतल्याशिवाय माझा हात पोहोचत नाही. पहिल्या आठवड्यात मी दोनदा स्टूल ओढले. दुसऱ्यांदा स्टुलावर चढलेली असताना, एक हात फळीला धरलेला आणि दुसऱ्या हाताने झाकण काही केल्या उघडत नाही अशा अवस्थेत, आपल्याला भूक लागलेली नाही हे मला एकदम स्वच्छ कळले आणि मी खाली उतरले. बंदी असती तर मी ती मोडली असती. स्टूल मात्र विचार करायला अर्धा मिनिट देते, आणि तेवढा पुरतो.

दुसरा अडथळा हाताचा. सवयीचे खाणे हातच करत असतो, आपण नव्हे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चित्रपटगृहातील प्रेक्षकांना ताजे आणि सात दिवसांचे शिळे पॉपकॉर्न वाटले होते. ज्यांना चित्रपट पाहताना पॉपकॉर्न खाण्याची पक्की सवय होती त्यांनी शिळेही ताज्याइतकेच खाल्ले, जरी ते त्यांना आवडले नव्हते. मात्र नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला सांगितल्यावर शिळे खाणे कमी झाले. म्हणून मधल्या वेळेचे जे काही खायचे ते मी बशीत काढते, बसते आणि सवय नसलेल्या हातात चमचा धरून खाते. गती आपोआप निम्मी होते.

लहान ताटात जेवावे हा सल्ला मी देत नाही. तो फार लोकप्रिय आहे, परंतु त्याच्या बाजूचे पुरावे ठिसूळ निघाले आहेत आणि मला स्वतःला तर लहान ताटात दोनदा वाढून घ्यायची सवय लागली होती.

पाचवी पायरी: ताटात काय घडते

पाणी अन्नाबरोबर प्यायले आणि तेच पाणी अन्नात शिजवून घातले, यांत फरक पडतो. पेन्सिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात बार्बरा रोल्स यांनी १९९९ मध्ये एकाच पदार्थाचे दोन प्रकार करून हे दाखवले: एकदा पदार्थ कोरडा आणि सोबत पेलाभर पाणी, एकदा तेच पाणी घालून केलेले सूप. सूप घेणाऱ्यांनी पुढच्या जेवणात कमी खाल्ले. पातळ, भाज्या घातलेले सूप जेवणाच्या सुरुवातीला घ्यावे, ही यातली सर्वांत सोपी कृती. नुसते पाणी अगदीच निरुपयोगी आहे असे नाही. २०१० च्या एका अभ्यासात ५५ ते ७५ वयाच्या व्यक्तींनी कमी कॅलरींच्या आहाराबरोबर प्रत्येक जेवणाआधी सुमारे ५०० मिलिलिटर पाणी प्यायले, तेव्हा १२ आठवड्यांत पाणी न पिणाऱ्यांपेक्षा त्यांचे वजन सुमारे दोन किलो अधिक उतरले. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले असेल, तर मात्र हे करू नये.

दुसरी बाब विविधतेची. एकाच चवीचा आपल्याला लवकर वीट येतो, पण चव बदलली की पोट भरलेले असूनही जागा होते. गच्च जेवणानंतर गोड पदार्थाला जागा होते ती यामुळेच. याचा उपयोग उलटा करून घ्यावा. भाज्यांचे प्रकार भरपूर ठेवावेत, आणि घरात मधल्या वेळेचे खाणे एका वेळी एकाच प्रकारचे आणावे. चार प्रकारचे डबे असतील तर माणूस चारही उघडतो.

कारखान्यात तयार होऊन पाकिटातून येणाऱ्या अन्नाबद्दल मी पूर्वी ‘थोडे चालते’ म्हणत असे. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले अन्न आणि दोन आठवडे साधे अन्न दिले. दोन्हींत उपलब्ध कॅलरी, साखर, मेद आणि तंतुमय भाग जुळवलेले होते आणि हवे तितके खाण्याची मुभा होती. प्रक्रिया केलेल्या अन्नाच्या काळात ते लोक दिवसाला सुमारे ५०० कॅलरी अधिक खात होते, आणि अधिक वेगानेही खात होते. वेगाचा मुद्दा मला पटला, कारण जे अन्न चावावे लागत नाही ते पोटाने पुरे म्हणण्याआधीच आत गेलेले असते.

सहावी पायरी: झोप

रात्री जागणाऱ्याने वरचे सगळे केले तरी त्याला सकाळी वखवख होतेच. २००४ मध्ये शिकागो विद्यापीठात १२ निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले. दहा तास झोपण्याच्या दोन रात्रींशी तुलना करता तृप्ती सांगणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरले आणि भूक सांगणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले. माझी युक्ती एवढीच की रात्रीचे जेवण झाले की लगेच दात घासायचे आणि स्वयंपाकघरातला दिवा मालवायचा. दात घासल्यानंतर पुन्हा काही खायचे म्हणजे पुन्हा घासायचे, आणि त्याचा मला मनस्वी कंटाळा आहे.

सातवी पायरी: वजनकाट्याशी कसे वागावे

रोज सकाळी, प्रातर्विधी आटोपल्यावर, काही न खाता-पिता वजन करावे, आकडा लिहावा आणि त्याच्याकडे दुर्लक्ष करावे. रविवारी सातही आकड्यांची सरासरी काढावी आणि तेवढीच मागच्या सरासरीशी ताडून पाहावी. शरीर ग्लायकोजेन या रूपात जी साखर साठवते तिच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवले जाते. त्यामुळे कमी खायला लागल्यावर पहिल्या आठवड्यात जे दोन किलो उतरतात त्यांतला बराच भाग पाणी असतो, आणि एका खारट जेवणानंतर जो किलो वाढतो तोही पाणीच असतो. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात हे लक्षात घेतले, तर एका रात्रीत किलोभर चरबी चढणे अशक्य आहे हे कळते. ज्यांना रोजचा आकडा दिवसभर छळतो त्यांनी मात्र आठवड्यातून एकदाच वजन करावे.

आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरत असेल तर वेग अजिबात वाढवू नये. १९४४-४५ मध्ये मिनेसोटात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी स्वयंसेवकांना सुमारे सहा महिने निम्म्या आहारावर ठेवले होते, तेव्हा ते पुरुष दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले. काही जण पाककृतींची पुस्तके वाचत बसत, आणि प्रयोग संपल्यावरही कित्येकांची भूक बराच काळ शमत नव्हती. माझ्या पहिल्या तीन प्रयत्नांत मी हेच स्वतःवर लहान प्रमाणात करून घेतले होते.

काटा अडला तर

कधीतरी सरासरी हलायची थांबते. चार आठवडे थांबली तरच काही करावे, त्याआधी नाही. आणि जे करायचे ते खाणे आणखी कमी करणे नव्हे, तर पहिल्या पायरीची सात दिवसांची वही पुन्हा लिहिणे, कारण जुन्या सवयी फार हळूच परत येतात. माझा काटा ७२ किलोंवर असाच अडला होता आणि वहीतही काही वावगे दिसत नव्हते. मग मी शेगडीशेजारी एक रिकामी वाटी ठेवली आणि स्वयंपाक करताना चव पाहण्याच्या निमित्ताने जे-जे तोंडात टाकायची इच्छा होईल, ते तोंडाऐवजी त्या वाटीत टाकत गेले. जेवायला बसायच्या वेळी वाटी काठापर्यंत भरलेली होती. तिच्यातले मी माझ्या ताटात वाढून घेतले, तेवढे बाकीचे कमी घेतले, आणि पुढचे तीन आठवडे वाटी तिथेच राहू दिली. दुसऱ्या आठवड्याच्या सरासरीत काटा पुन्हा उतरू लागला होता.